भेदराची रोपं बाहेर बसली

माझ्या हाताला गुण नाही, हे माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षात ठरून गेलं होतं. कोणी ठरवलं ते विचारू नका. असल्या गोष्टी ठरवायला पंचायत बसत नाही. ज्येष्ठात लोणचं घातलं तेव्हा नवी सून म्हणून मसाल्याची पहिली मूठ माझ्याकडून घालून घेतली आणि भाद्रपदात बरणी उघडली तर वर बोटभर बुरा. त्याच पावसाळ्यात कुंपणाशी मी भोपळ्याच्या बिया टोचल्या, त्यातली एकही वर आली नाही. शेजारची काकू कुंपणावरून वाकून दोनदा पाहून गेली आणि तिसऱ्या दिवशी विहिरीवर माझ्यासाठी घागर धरत म्हणाली, "कोनाच्या हाताले असते गुन, कोनाच्या नसते. मनाले लावून घेऊ नको पोरी." मनाला लावून घेऊ नको असं कोणी म्हणालं की समजावं, आता गावभर झालं.

आजच्या मुलींना हातगुणाचं काय ते कळणार नाही. आमच्या गावात ज्या बाईच्या हाताला गुण, तिला बोलावणी येत. लग्नाघरी पहिला पापड तिनं लाटायचा, नव्या चुलीवर पहिली भाकरी तिनं टाकायची, वेलाची पहिली बी तिनं टोचायची. जिच्या हाताला गुण नाही तिलाही बोलवत, पण पाणी भरायला. भांडण नाही, अपमान नाही, सगळे गोड बोलत. फक्त कामाची वेळ आली की कोणीतरी हळूच म्हणे, "तू राहू दे वो, ते करन." मला त्या गोडपणाचाच राग येई. मी खामगावच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली. असलं काही नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी विरजण लावलं की मी रात्री उठून भांडं उघडून पाहायची, हेही खरं.

आमचं सासर उंद्रीजवळच्या एका खेड्यात. मातीचं धाब्याचं घर, पुढे ओसरी, मागे परस, परसात आड आणि न्हाणी. घरात माणसं चारच. सासरे शेती पाहत. त्यांना मी मामंजी म्हणे, सासूबाईंना आत्याबाई. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर होते. चौथी मी.

दुसऱ्या वर्षी पंचमीला मी माहेरी गेले. कचेरीतल्या साहेबाच्या बंगल्यात माळ्यानं लावलेली भेदरं वडिलांनी घरी आणली होती. टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात. शहरात तेव्हा लोक ती खाऊ लागले होते, पण खेड्यात ती कोणी लावत नव्हतं. आईनं त्यांची चटणी केली, दाण्याचं कूट घालून, आणि मी तीन भाकरी खाल्ल्या. निघताना आईनं राखेत वाळवलेलं बी एका कागदात बांधून दिलं. कागद कचेरीतलाच, खराब झालेला, त्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं ठळक छापलेलं. मी सासरी आले ती मनाशी ठरवूनच. लोणचं सगळ्यांनी मिळून घातलं होतं, भोपळ्याच्या बिया काकूंच्या घरच्या जुन्या असतील. पण हे बी माझं, माती मी करणार, पाणी मी घालणार. जगलं तर माझ्या हाताचं आणि मेलं तरी माझ्याच हाताचं. काय तो निकाल एकदाच लागू दे.

आत्याबाईंना मी भेदराचं सांगितलं तेव्हा त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी हे फळ एकदा बाजारात चिरलेलं पाहिलं होतं.

"ते आतून लाल असते, मांसावानी? माह्या चुलीजवळ आनायचं नाई."

"चुलीजवळ नाई आनत आत्याबाई. मागं लावू का, न्हाणीच्या बाजूनं?"

त्यांनी सूप दोनदा झटकलं. "लाव. मेलं तं मले दाखवू नको."

बी उगवलं. मी रोज सकाळी उठून आधी वाफा पाहायची, मग तोंड धुवायची. आश्विनात रोपं वीतभर झाली तेव्हा त्यातली एकवीस निवडून मी न्हाणीमागच्या काळ्या मातीत दोन ओळींत लावली. एक दिवसाआड संध्याकाळी तांब्यानं पाणी घालत होते. दिवाळीपर्यंत अशी तरारली की काकू कुंपणाशी येऊन गप्प उभी राहू लागली. तिचं गप्प उभं राहणं मला फार आवडे.

आणि कार्तिकात मला कावळा शिवला.

त्यात नवल नाही, दर महिन्याला शिवायचा. आमच्या घरी चार दिवस बाहेर बसणं कडक होतं. ओसरीच्या कडेला एक लहान खोली होती, तिथं घोंगडी, तांब्या, ताट वेगळं. विटाळशीनं तुळशीला, लोणच्याला, फुलझाडाला शिवायचं नाही, तिची सावलीही वेलावर पडू द्यायची नाही. खोलीचं दार रस्त्याकडे, रोपं मागे परसात. तिथून मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी यांना हळूच सांगितलं, "रोपाईले पानी घालसान का? एकदाच, तांब्याभर." हे म्हणाले, "हाव, घालतो ना." नवऱ्यानं हो म्हटलं की बायकोला झोप लागत नाही. चारही दिवस मी वळकटीला टेकून रस्त्यावरची गुरं मोजत बसले.

पाचव्या दिवशी न्हाऊन परसात गेले. रोपं उभी होती. हायसं वाटलं. मग खाली बसून पाहिलं तर अगदी खालची पानं, मातीला टेकलेली, पिवळी पडलेली. एका रोपाची दोन, दुसऱ्याचं एक, असं करत दोन्ही ओळींत मिळून पंधरा-सोळा. कोणालाही काही न सांगता मी ती पानं नखानं खुडली, पदरात घेतली आणि चुलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी आणखी. मला वाटलं, रोप उपाशी आहे. कुजलेलं शेण आणून बुडाशी घातलं. चार दिवस पाणी कमी पडलं असेल म्हणून मी आता रोज संध्याकाळी तांब्याभर घालू लागले. पिवळेपणा खालच्या पानावरून वरच्या पानावर चढायला लागला. आई आजारी माणसाच्या पायावर बोट दाबून सूज कुठवर आली ते पाहायची, तशी मी रोज पाहत होते, आज कितव्या पानापर्यंत आलं. यांना विचारलं, "तुमी त्या चार दिवसांत पानी घातलं व्हतं ना?" हे म्हणाले, "घातलं ना, बरोबर घातलं." मास्तर माणूस, तोंडावर रेषही हलली नाही.

एक गोष्ट मात्र मला कळेना. मी खुडायला जायची तेव्हा काही पानं आधीच गेलेली असत. देठाचं टोक ताजं, ओलं. शेळी म्हणावं तर शेळी हिरवं सोडून पिवळं कशाला खाईल? काकू रात्री येऊन दृष्ट लावून जाते की काय, असंही माझ्या मनात आलं. माझी चौथी इयत्ता तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे. मी मीठ-मोहरी घेऊन रोपांची दृष्ट काढली. राखही टाकून पाहिली. एक रोप मान टाकून पडलं तेव्हा ते उपटून मी शेणाच्या ढिगात पुरलं आणि ओळीतली बाकीची रोपं सरळ दिसतील अशा बेतानं तिथं माती सारखी केली. आठवड्यात अशी चार पुरली.

आत्याबाई काही म्हणत नव्हत्या. तेच मला सोसवत नव्हतं. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "काकूनं इचारलं, भेदरं कमी काऊन दिसून राह्यली. मी म्हटलं, मले काय ठावूक." आणि मला भाकरी वाढली. मी मान खाली घालून ती खाल्ली. आता लागलाच निकाल, मी म्हटलं. जन्मभर पाणी भरायचं.

मामंजी बाजाराला उंद्रीला जात. त्या आठवड्यात ते परतले ते एका म्हाताऱ्या माळ्याला बैलगाडीत घालूनच. हा माळी बाजारात वांगी-मिरच्या विकायचा, मामंजींची त्याची तंबाखूची जुनी दोस्ती. गाडीतून उतरतानाच तो हसत होता. "पाटीलभाऊ पटक्यात पान बांधून घेऊन आले माह्याकडे. म्हने सांग काय झालं. म्या म्हटलं, पान काय सांगते? माती दाखवा."

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी पटका सारखा केला. पान त्यांनी कधी खुडलं, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलंच नाही.

माळी परसात येऊन उकिडवा बसला. आधी त्यानं पान उलटं करून पाहिलं. "ठिपके नाईत. कीड नाई. ठिपके असते तं भेव व्हतं." मग शेंड्याला बोट लावलं. "शेंडा हिरवा हाय. जीव हाय याच्यात." मग मधलं बोट मातीत पार मुळापर्यंत खुपसलं, बाहेर काढलं आणि नाकाशी नेलं.

"आंबली," तो म्हणाला. "पानी कोन घालते?"

"मी," मी म्हटलं.

"किती?"

"रोज तांब्याभर. एका ओळीले एक तांब्या."

त्यानं बोटाला लागलेला चिखल मला दाखवला. "तांब्याभर पान्यानं असं नाई व्हत बाई. ही काळी माती. पावसाळ्याचं पानी अजून तिच्या पोटात हाय. वरून रोज घातलं तं मूळ श्वास कसं घेईन? मूळ बुडालं का खालचं पान पयले पिवळं पडते. खरं सांग, आनखी कोन घालते?"

"कोनी नाई," मी ठासून म्हटलं.

तेव्हा मामंजी खोकले.

त्यांचा खोकला मला ठाऊक होता. जेवणात मीठ कमी असलं तरी ते खोकत, आत्याबाईंना सांगत नसत. आता ते म्हणाले, "मी सकाळी अर्घ्य देतो ना सूर्याले, ते इकडं देत जातो. तुळशीले काय, तिच्यावर सगळेच घालतात. अन् मंग उरलेली बादली पन." त्यांनी पटका पुन्हा सारखा केला. "तू बाहेर बसली व्हती तवापासून. म्हटलं, पोरीचं सुकून जाईन."

एवढ्यात हे शाळेतून आले. माळ्यानं त्यांना तोच प्रश्न केला. यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आडाकडे. "शाळेत जाण्याआधी दोन बादल्या," हे हळूच म्हणाले. "पिवळी पडू लागली म्हनून मंग तीन."

"अन् पानं खुडली?" मी विचारलं.

"दिसू नये म्हनून खुडली. तू घाबरशील म्हटलं."

"मीबी दोन-चार," मामंजी म्हणाले.

माळी मांडीवर थाप मारून हसायला लागला. इतक्यात माजघराच्या दारातून आत्याबाईंचा आवाज आला. त्या दारातच उभ्या होत्या, बाहेर आल्या नव्हत्या.

"डाळीचं धुवन घालत व्हती मी. दुपारच्याले. धुवन चांगलं असते झाडाले."

माझ्या सासूबाई, ज्यांना ते लाल फळ नुसतं चुलीजवळही नको होतं, त्या रोज दुपारी आम्ही सगळे आडवे झालो की परसात येऊन माझ्या रोपांना डाळीचं धुवण पाजत होत्या. म्हणजे सकाळी सूर्याच्या नावानं, मग शाळेच्या आधी, दुपारी डाळीचं आणि संध्याकाळी माझं. अति तेथे माती म्हणतात, पण आम्ही मातीचाही चिखल केला होता.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. पंधरा दिवस मी माझ्या हाताकडे पाहत झोपले होते, देवापुढे दिवा लावताना काडी विझली तरी दचकत होते आणि हे तिघं चोरून चोरून पाणी घालत होते! मला असा राग आला की सासूसासऱ्यांपुढे बोलायचं नसतं हेच विसरून गेले. पदर कंबरेला खोचून मी रोपांच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले.

"आजपासून कोनी इकडं यायचं नाई," मी म्हटलं. "या रोपाईले कावळा शिवला. ते बाहेर बसले. कोनी शिवायचं नाई, कोनी पानी द्यायचं नाई, सावलीबी पडू द्यायची नाई!"

बोलून गेले आणि मग जीभ चावली. असली गोष्ट पुरुषांपुढे मोठ्यानं म्हणायची नसते, आणि तीही थट्टेत. मामंजी जमिनीकडे पाहू लागले. यांनी तोंड फिरवलं. पण यांचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं.

आत्याबाई दारातून एक पाऊल पुढे आल्या. चेहरा अगदी गंभीर. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माळ्याला विचारलं, "किती दिवस?"

माळीही मोठा बेरका. तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "आठ तरी ठेवा माय."

"आपल्यात चार असतात. पन बरं," आत्याबाई म्हणाल्या. "आठ तं आठ."

माळ्यानं जाण्याआधी खुरप्यानं दोन्ही ओळींच्या कडेनं चर काढून पाण्याला उताराकडे वाट करून दिली. बुडाशी घातलेलं माझं शेण बाजूला ओढलं, कोरडी माती चढवली, मातीला टेकलेली पानं तेवढी काढली. "बाकीच्याईले हात लावू नका. खालचं पान म्हातारं व्हते, ते जाईनच. वर पाहत जा."

त्या आठ दिवसांची मला आजही गंमत वाटते. आत्याबाईंनी तो विटाळ माणसाच्या विटाळासारखा पाळला. सकाळी मामंजी तांब्या घेऊन न्हाणीतून निघाले की त्या आतूनच ओरडत, "तिकडं कुठं? बाहेर बसले ते!" आणि मामंजी गुपचूप तुळशीकडे वळत. यांनी बोराटीच्या काट्या आणून वाफ्याभोवती रोवल्या. काकू कुंपणाशी आली तर आत्याबाईंनी तिलाही मागं सरायला लावलं. "सावली पडते वो." काकूला काय झालंय ते विचारायचंही सुचलं नाही.

पाचव्या दिवशी मात्र कडक ऊन पडलं. दुपारी मी भांडी घासायला परसात गेले तर सगळी सतरा रोपं शेंड्यापासून माना टाकून उभी. पाय लुळे पडल्यासारखी. माळी म्हातारा, चुकला असेल. माती आंबली होती पण आता वाळली असेल. घोटभर दिलं तर काय बिघडणार? मी इकडं तिकडं पाहिलं. आडावर बादली भरलेलीच होती. मी तांब्या बुडवला.

मागून माझं मनगट कोणीतरी धरलं. आत्याबाई होत्या.

"तूच म्हटलं ना," त्या म्हणाल्या.

"मरून जातीन वो आत्याबाई."

"ऊन उतरलं का उठतीन. बस इथं."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. आम्ही दोघी आडाच्या काठावर रोपांकडे पाहत बसलो. भांडी तशीच पडली होती. मी विचारलं, "तुमाले ते फळ आवडत नाई, मंग धुवन काऊन घालत व्हत्या?"

त्यांनी रोपांवरची नजर काढली नाही. मग म्हणाल्या, "मी या घरी आली त्या सालात पेरनीची पयली मूठ माह्याकडून टाकून घेतली. नवी नवरी म्हनून. त्या सालात पाऊस गेला. साऱ्या गावाचा गेला, तालुक्याचा गेला. पन मूठ माही व्हती ना." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पाऊस काय माह्या मुठीत व्हता? पन मंग कोनी मले कायले हात लावू देल्ला नाई. पापड नाई, बी नाई, नवी चूल नाई. तुह्या सासऱ्याच्या बहिनीच्या लग्नात मी तीन दिवस पानी भरलं."

लोणच्याला बुरा आला तेव्हा ह्याच बाई माझ्या हाताकडे पाहून गप्प बसल्या होत्या. त्यांच्या गप्प बसण्याचा मी वर्षभर राग केला होता.

"तुह्यं तसं होऊ नये, म्हनून धुवन," त्या म्हणाल्या. "मले काय मालूम, सारेच घालून राह्यले."

सूर्य कडुनिंबाच्या खाली उतरला तसे शेंडे एकेक करून वर आले. आधी आडाजवळचे, मग भिंतीजवळचे. आत्याबाईंनी माझं मनगट तेव्हा सोडलं. त्यावर त्यांच्या बांगडीचा वळ उठला होता. आम्ही दोघींनी मिळून भांडी घासली.

आठव्या दिवसानंतर नवीन पिवळं पान आलं नाही. जी होती ती आपसूक गळली. पौषात फुलं धरली, माघात भेदरं लागली, शिवरात्रीनंतर लाल व्हायला लागली. मी चटणी केली ती परसात वेगळी चूल मांडून, कारण आत्याबाई आपल्या शब्दाला पक्क्या होत्या. मामंजींनी आणि यांनी ती इतकी खाल्ली की भाकरी दुसऱ्यांदा थापाव्या लागल्या. आत्याबाईंनी ते फळ शेवटपर्यंत तोंडात घातलं नाही. कोणी विचारलं की म्हणत, "मले नाई जमत, पन झाडं पाहायले चांगली वाटतात."

काकू आली तेव्हा फांद्या ओझ्यानं वाकल्या होत्या. "कोनाचा हात लागला वो?" तिनं विचारलं. मी काही म्हणायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "सुनेचा. आमी तिघं तं पानी घालून मारायले निघालो व्हतो." त्यांनी ते असं सांगितलं, जसं बाजारभाव सांगावा. मी आत गेले आणि जात्यापाशी बसून मनसोक्त रडले. आनंदानं रडताना माणूस किती बावळट दिसतं ते तेव्हा कळलं, कारण हे पाणी प्यायला आले आणि घाबरून परत गेले.

पुढच्या श्रावणात मी बी टाकलं, चांगली दाट रोपं झाली. एके सकाळी काकू पदर पसरून आली. "दहा रोपं दे. पन तुह्याच हातानं दे बाई. तुहा हात लागते म्हन." वर्षापूर्वी हेच ऐकायला मी काय नसतं दिलं! मी खुश होऊन वाफ्याकडे वळले आणि आत्याबाई दिसल्या. दारात उभ्या होत्या त्या आत सरत होत्या. बीचं, रोपाचं देणं-घेणं निघालं की त्या अशाच आत सरत. मी आजवर कितीदा पाहिलं होतं, पण ते माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं.

"आत्याबाई," मी हाक मारली, "इकडं या. रोपं तुमी द्या."

"मी?" त्या म्हणाल्या.

काकूचा चेहरा उतरला. तिला ते जुनं साल आठवलं असणार. पण मी दहा रोपं मातीसकट उचलली आणि आत्याबाईंच्या ओंजळीत ठेवली. मग त्यांनी वाकून ती काकूच्या पदरात घातली, एकेक करून, जणू मोजून घ्यायचीत. काकू "बरं" म्हणाली आणि गेली.

त्यानंतरचे दिवस मला माझ्या रोपांच्या वेळी गेले नव्हते इतके कठीण गेले. मी काही ना काही निमित्तानं काकूच्या परसात जाई. एका रोपाचं खालचं पान पिवळं दिसलं तेव्हा मी काकूवर अशी ओरडले की ती बादली टाकून पळाली. चर काढला, पाण्याची वाट केली, पान गळू दिलं. आत्याबाई मला काही विचारत नव्हत्या. फक्त मी काकूकडून आले की हातातलं काम थांबवत आणि मी काही बोलत नाही असं दिसलं की पुन्हा सुरू करत.

दहाची दहा लागली. आश्विनात काकू आली ती एकटी नाही, मागे आणखी दोन बायका, दोघींच्या हातात टोपल्या. मी पुढे झाले. काकूनं मला हातानं बाजूला केलं.

"तू नाई सूनबाई," ती म्हणाली आणि दाराकडे पाहून हाक मारली, "बाई, या ना भाहेर. मांगच्या वख्ती तुमी देल्ले तसेच द्या."

आत्याबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. आडावर जाऊन त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, पदराला कोरडे केले आणि वाफ्याशी बसल्या. एकेक रोप त्या बोटांनी मोकळं करत होत्या, मूळ पाहत होत्या, मग टोपलीत ठेवत होत्या. त्या दिवशी आमच्याकडे भाकरी फार उशिरा झाल्या.